मदत हवी आहे: लेव्हल एडिटरमध्ये लूप पॉइंट चुकीच्या जागी पडतोय

मंडळी, गेममधल्या बॉसच्या (मोठ्या शत्रूच्या) लेव्हलला मी स्वतः बनवलेलं म्युझिक लावतोय. सुरुवातीचा १० सेकंदांचा तुकडा एकदाच वाजून पुढचा भाग लूप व्हायला हवा. आधी एमपीथ्री टाकली तर लूपच्या सांध्यावर बारीकसा गॅप यायचा, कारण एमपीथ्रीत एन्कोडिंग करताना पुढेमागे थोडी शांतता भरली जाते, म्हणून मूळ वेव्ह फाईलवरून ओजीजी (दुसऱ्या ऑडिओ फॉरमॅटची फाईल) केली आणि गॅप गेला. पण आता दुसरीच भानगड, पहिल्यांदा सगळं बरोबर वाजतं आणि लूप फिरून आला की ढोलाचा पहिला ठोकाच गिळला जातो, तिथेच तर सगळा जोर आहे!

फाईल ४८००० हर्ट्झची आहे, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८००० सॅम्पल (बारीक मोजमापं). लूप पॉइंट, म्हणजे लूप फिरून जिथून सुरू होतो ती जागा, सॅम्पलमध्ये द्यावा लागतो म्हणून १० सेकंदांसाठी ४८०००० टाकलंय. मला दाट शंका आहे की गेम फाईल ४४१०० ला आणून वाजवतो, म्हणजे तोच आकडा जवळपास १०.८८ सेकंदांवर पडणार. तर फाईलच ४४१०० ची करून ४४१००० टाकू का? की एडिटरमध्ये सॅम्पल रेटची वेगळी सेटिंग असते? एडिटरच्या प्रिव्ह्यूत लूप एकदम नीट ऐकू येतो, घोळ फक्त टेस्ट प्लेमध्ये (लेव्हल प्रत्यक्ष खेळून बघताना) होतो. कुणी हे निस्तरलं असेल तर प्लीज सांगा, नुसता अंदाज असला तरी चालेल.