जुना व्हॉल्व्ह रेडिओ: आवाज शून्यावर तरी घुमतो, तापला की फाटतो

हिंगोलीकर
लाकडी पेटीतला जुना सेट आहे, साठच्या दशकातला. व्हॉल्व्ह पाच: ईसीएच८१, ईएफ८९, ईबीसी८१, ईएल८४, ईझेड८०. मीडियम वेव्हवर परभणी १३०५ ला लागतं. पण व्हॉल्यूम पूर्ण बंद केला तरी घूंऽऽ चालूच राहते. दहा मिनिटांनी बोलणं फाटायलंय आणि ईएल८४ (स्पीकर चालवणारा व्हॉल्व्ह) जवळ हात धरवत नाही. मेकॅनिक म्हणतो आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदला. बदलू का? माझ्याकडं डिजिटल मल्टिमीटर आणि २५ वॅटची सोल्डरिंग इस्त्री आहे.

सिरीज_बोर्ड
ट्रान्सफॉर्मरला हात लावू नका. त्याची प्रायमरी (व्हॉल्व्हकडची गुंडाळी) तुटली असती तर आवाजच आला नसता, वर ईएल८४ चं स्क्रीन ग्रिड लाल झालं असतं. तुमचा सेट बोलतोय.

तुमचे व्हॉल्व्ह 'ई' चे आहेत, म्हणजे हीटर ६.३ व्होल्टचे आणि आत मेन्स ट्रान्सफॉर्मर. हे बरं आहे. हा धागा पुढं कुणी वाचेल म्हणून सांगतो: व्हॉल्व्हवर यूसीएच८१, यूएल८४, यूवाय८५ अशी नावं असतील तर तो एसी/डीसी सेट. त्यात चॅसिस (आतला धातूचा सांगाडा) थेट मेन्सला जोडलेली असते आणि प्लग उलटा बसला की तिच्यावर फेज येते. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर तो सेट उघडूच नका.

आधी सिरीज बोर्डवर लावा, म्हणजे मेन्स आणि सेटच्या मध्ये ६० वॅटचा तारेचा बल्ब घालून. एलईडी बल्ब चालत नाही. बल्ब सुरुवातीला उजळून मंद झाला तर ठीक, फकफकीत पेटून तसाच राहिला तर कुठंतरी शॉर्ट आहे. बोर्डचा उपयोग एवढाच. त्यावर सेटला पूर्ण व्होल्टेज मिळत नाही, म्हणून मोजमापं थेट मेन्सवर घ्यायची, तीही एक हात खिशात ठेवून.

मीटरचा काळा प्रोब चॅसिसला लावा आणि ईएल८४ ची पिन २ (ग्रिड), ३ (कॅथोड), ७ (ॲनोड) आणि ९ (स्क्रीन) मोजून इथं टाका. पिना खालून बघताना घड्याळाच्या दिशेनं मोजायच्या, मोठ्या फटीपासून. कॅथोडचा रेझिस्टर किती ओहमचा तेही लिहा.

हिंगोलीकर
पिन २: +६. पिन ३: ११.८. पिन ७: २३२. पिन ९: २४०. कॅथोडला १८० ओहम आहे, सेट बंद करून मोजला, बरोबर निघाला.

लातूर_ओहम
मग उत्तर तुमच्या आकड्यांतच आहे. ११.८ भागिले १८० म्हणजे ६५ मिलिअँपिअर. स्क्रीनचे सहाएक वजा केले तरी ॲनोडवर जवळपास १३ वॅट जळायलेत. ईएल८४ ची मर्यादा १२. म्हणून हात धरवत नाही.

कारण पिन २ वरचे ते ६ व्होल्ट. तिथं शून्य हवं. ईबीसी८१ च्या ॲनोडकडून येणारा कपलिंग कंडेन्सर (आवाज पुढं सोडून डीसी अडवणारा; बहुतेक ०.०१ किंवा ०.०२२ मायक्रोफॅरड, मेण लावलेला कागदी) गळतोय. ग्रिड लीक (ग्रिड ते चॅसिस लावलेला रेझिस्टर) ६८० किलोओहमचा धरला तर त्यातून ९ मायक्रोअँपिअर वाहतोय. म्हणजे कंडेन्सर कंडेन्सर राहिला नाही, आठ-नऊ मेगओहमचा रेझिस्टर झालाय.

पण व्हॉल्व्ह खराब असला तरी ग्रिड पॉझिटिव्ह होतं. खात्री अशी करा: सेट बंद करून कंडेन्सरचं ग्रिडकडचं टोक सोडवा, ग्रिड लीक तसाच ठेवा, दहा मिनिटं चालवून पिन २ पुन्हा मोजा. शून्य आलं तर दोष कंडेन्सरचा. तरीही चढत गेलं तर ईएल८४ च गेलाय.

नवा ६३० व्होल्टचा पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन टाका, मायक्रोफॅरड जुन्याइतकेच. नांदेडला वजिराबादेत मिळेल, नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडहून मागवा. एकदा उघडलाच आहे तर कागदी सगळे बदला. मायका आणि सिरॅमिक बदलू नका, ते सहसा बिघडत नाहीत. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर ०.००४७ सारखा एखादा असेल तर तिथं १००० व्होल्टच्या खालचा नको, आवाजाच्या झटक्यात तिथलं व्होल्टेज सप्लायच्या बरंच वर जातं. मेन्सच्या दोन तारांमधला एक्स२ जातीचा, मेन्स ते चॅसिस वाय२ जातीचा. तिथं साधा घालणं म्हणजे जिवाशी खेळ.

जुना_डायल
ओहमरावांचं बरोबर, पण घूंऽऽ त्यानं पूर्ण जाणार नाही. व्हॉल्यूम शून्यावर असताना घुमतंय म्हणजे फिल्टर कंडेन्सर (सप्लायचं डीसी सपाट करणारे) सुकलेत. ॲल्युमिनिअमच्या डब्यातला ५०+५० असेल. ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट, १०५ डिग्रीचे दोन घ्या. आपल्याकडं मे महिन्यात पेटीच्या आत काय तापतं ते बघता ८५ डिग्रीवाले घेऊ नका.

"मोठा टाकला की घूं कमी" म्हणून काहीजण पहिला १०० चा घालतात. ईझेड८० (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह) ला ५० च्या वर चालत नाही, चार्जिंगच्या झटक्यात तो मरतो. वाढवायचाच तर दुसरा वाढवा.

जुना डबा दिसायला राहू द्या, पण त्याच्या तारा सोडवा. नव्याला समांतर ठेवला तर गळती राहतेच. सोडवताना निगेटिव्ह कुठं जातंय ते बघा. डब्याखाली पुठ्ठ्याचा वॉशर असेल तर निगेटिव्ह चॅसिसला नाही, एका छोट्या रेझिस्टरमागं आहे. नव्याचंही तिथंच जोडायचं. आणि हात घालण्याआधी १ किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर लावून डबा रिकामा करा. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडायची सवय वाईट.

आयएफच्या (मधल्या फ्रिक्वेन्सीच्या कॉइलच्या) कॅनमधले स्क्रू फिरवू नका. स्टेशन लागतंय तर तिथं काम नाही.

हिंगोलीकर
कंडेन्सरचं टोक सोडवलं, पिन २ शून्यावर स्थिर. कपलिंग आणि दोन्ही फिल्टर बदलले. आता कॅथोड ८.१, घूं कान लावला तरच ऐकू येते. एक शंका: रात्री शेतीचे पंप बंद झाले की घरात २५५ व्होल्ट येतात. हीटर तेव्हा ६.९ दाखवतोय.

सिरीज_बोर्ड
८.१ म्हणजे ४५ मिलिअँपिअर, उत्तम.

मागच्या व्होल्टेज सिलेक्टरवर २४५ ची जागा असेल तर तिथं बसवा, अनेक सेट २२० वरच अडकलेले असतात. आधीच २४५ वर असेल तर मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या सिरीजमध्ये १०० ओहम १० वॅटचा वायरवाउंड घाला. सेट साधारण ०.२ अँपिअर घेतो, म्हणजे २० व्होल्ट उतरतात आणि ४ वॅट तापतात. हीटर ६.३ च्या आसपास येईल. दिवसा व्होल्टेज पडलं तरी ५.९ च्या खाली जात नाही ना, ते मोजा. रेझिस्टर फ्यूजच्या नंतर, चॅसिसच्या वर, लाकडापासून आणि नव्या कंडेन्सरांपासून लांब. टोकांवर स्लीव्ह घाला, तिथं मेन्स आहे.