उरलेली बँडविड्थ सारखी वाटावी की हमीच्या प्रमाणात?

रात्रपाळी:
१ गिगाबिटच्या (१,००० एमबीपीएस, म्हणजे मेगाबिट प्रति सेकंद) पोर्टवर तीन ग्राहकांचे तीन व्हीलॅन (एकाच तारेवर वेगळी ठेवलेली नेटवर्क), म्हणजे तीन लॉजिकल इंटरफेस. किमान वेगाची हमी अनुक्रमे १००, २०० आणि ३०० एमबीपीएस. बेरीज ६००. वरचे ४०० कुणाच्याच नावावर नाहीत. तिघांचं ट्रॅफिक एकदम उसळलं की ते कुणाला? हमीच्या प्रमाणात वाटले तर एकूण पदरात पडतात १६७, ३३३, ५००. सारखे वाटले तर २३३, ३३३, ४३३. मधल्याला दोन्हीकडे तेवढंच, ओढाताण फक्त टोकाच्या दोघांची.

माझं मत: सारखेच वाटावेत. मोठ्या ग्राहकाने ३०० ची हमी घेतली, ती त्याला पूर्ण मिळाली. तिथे त्याचा हक्क संपला. जे कुणीच घेतलेलं नाही त्यावरही त्याचाच तिप्पट वाटा का? लहानाला त्या ६६ एमबीपीएसनी खरंच फरक पडतो.

चौथी_रांग:
पूर्ण असहमत. इंटरफेस म्हणजे माणूस नव्हे, कॉन्फिगरेशनमधली एक नोंद आहे. तुमच्या तिसऱ्याने ३०० च्या हमीचे शंभर-शंभरचे तीन व्हीलॅन मागून घेतले, तर वाटेकरी झाले पाच. प्रत्येकाला ८०. त्याचे २४० आणि हमीचे ३००, एकूण ५४०! मधला बिचारा ३३३ वरून २८० वर, काहीही न करता. प्रमाणात वाटलं तर कितीही तुकडे पाडा, त्याची बेरीज ५०० च राहते.

नेटवर्क संशोधक बॉब ब्रिस्को यांनी २००७ मध्ये फ्लोंच्या (एकेका जोडणीच्या डेटाप्रवाहांच्या) बाबतीत हेच दाखवलं होतं. प्रत्येक फ्लोला सारखा वाटा द्या, जो जास्त फ्लो उघडेल तो जास्त घेऊन जाईल.

रात्रपाळी:
तुकड्यांचा मुद्दा पटला. पण त्यावर उपाय आहे: एका ग्राहकाचे सगळे व्हीलॅन शेड्यूलरमध्ये (कुणाचं पॅकेट कधी पाठवायचं ते ठरवणारा भाग) एकाच नोडखाली, म्हणजे गटाखाली, घ्या आणि समान वाटप त्या नोडच्या पातळीवर करा. मोजायचे ते ग्राहक, व्हीलॅन नव्हेत.

क्वांटम_बघा:
दोघांनाही कळकळीची विनंती, आधी तुमचा राउटर नेमकं काय करतोय ते तपासा. आमच्याकडे लिनक्सवर एचटीबी हा शेड्यूलर आहे. सगळे धरून चालले होते की वाटप हमीच्या प्रमाणात होतंय. काउंटर काढले तर जास्तीचा वाटा सगळ्यांचा सारखा!

कारण असं. जास्तीचं वाटप डेफिसिट राउंड रॉबिनने (आळीपाळीने पाठवण्याची पद्धत) होतं आणि एका फेरीत कुणी किती बाइट पाठवायचे हे क्वांटम ठरवतो. तो हाताने दिला नाही, तर रेटला (हमीचा वेग, बाइटमध्ये) आर-टू-क्यू या सेटिंगने, म्हणजे मुळात १० ने, भागून काढला जातो. पण वरची मर्यादा २,००,०००. म्हणजे १६ एमबीपीएसच्या वरचे सगळे क्लास (एचटीबीतले वाटेकरी) एकाच क्वांटमवर येऊन थांबतात. लॉगमध्ये ‘क्वांटम इज बिग’ अशी सूचना येत होती, आम्ही ती कित्येक दिवस वाचून सोडून देत होतो.

चौथी_रांग:
हे माहीत नव्हतं, आभार. म्हणजे माझ्या बाजूने जायचं तर २०,०००, ४०,०००, ६०,००० असे क्वांटम हातानेच द्यायला हवेत. आजच बदलतो.

रात्रपाळी:
माझ्या बाजूने जायचं तरी हातानेच द्या, तिन्ही सारखे. उद्या कुणी ८ एमबीपीएसचा क्लास जोडला तर आपोआप निघणारा त्याचा क्वांटम निम्मा, १,००,००० होईल. हमी सगळ्यात कमी त्याची आणि जास्तीतला वाटाही त्यालाच अर्धा. नेमकं हेच मला नको आहे.