उपनगरातील ओढ्याचे पाणलोट क्षेत्र कसे समजून घ्यावे आणि कसे जपावे?

प्रश्न (ओढ्याकाठचा रहिवासी):
आमच्या वसाहतीतून एक लहान ओढा वाहतो. आजूबाजूला इमारती आणि डांबरी रस्ते वाढत गेले, तसा तो जोराच्या पावसात तासाभरात काठाबाहेर येऊ लागला आणि पाऊस उघडल्यावर पूर्वीपेक्षा फार लवकर आटू लागला. काठही ढासळत आहेत. काँक्रीटची भिंत बांधावी, अशी मागणी रहिवाशांकडून होत आहे. त्या निवेदनावर सही करण्यापूर्वी मला हे पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या भागातले पावसाचे पाणी या ओढ्यात येते तो भाग, नीट समजून घ्यायचे आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर (माथा ते पायथा):
अचानक येणारा लोंढा आणि लवकर आटणारा प्रवाह या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. जे पाणी जमिनीत मुरून पुढचे कित्येक महिने झऱ्यांवाटे ओढ्याला मिळायचे, तेच आता छपरांवरून आणि रस्त्यांवरून एकदम धावत येते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. त्यामुळे 200 चौरस मीटरच्या छपरावर 25 मिलिमीटर पाऊस पडला, तर एकट्या त्या छपरावरून सुमारे 5000 लिटर पाणी उतरते. पाणलोटाचा साधारण दहा टक्के भाग अशा न मुरवणाऱ्या पृष्ठभागांनी झाकला गेला की ओढ्याची प्रकृती बिघडू लागते, असे अनेक ठिकाणच्या अभ्यासांत दिसले आहे.

सुरुवात नकाशापासून करावी. समोच्च रेषांच्या (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांच्या) नकाशावर ओढा ओलांडताना रेषांची टोके उगमाकडे वळलेली दिसतात. ओढ्याच्या दोन्ही बाजूंचे उंच माथे जोडत गेलात की जलविभाजक रेषा, म्हणजे पाणलोटाची हद्द, मिळते. मात्र उपनगरात एवढ्यावर भागत नाही, कारण पावसाळी गटारे नैसर्गिक चढ भेदून पलीकडचे पाणीही तुमच्या ओढ्यात आणू शकतात. म्हणून स्थानिक प्रशासनाकडून गटारांचा आराखडा मागून घ्या आणि पाऊस पडत असताना, सुरक्षित अंतर राखून, कोणत्या तोंडातून किती पाणी येते ते स्वतः पाहा. ही पाहणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

उत्तर (काठावरची झाडे):
भिंतीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: लोंढा कमी न करता भिंत बांधली, तर संकट फक्त खाली सरकते. गुळगुळीत काँक्रीटवरून पाणी अधिक वेगाने जाते, भिंत संपते तिथून पुढचा काठ खचतो आणि जिथे तळ मोकळा आहे, तिथे भिंतीचा पायाच उघडा पडू शकतो. घर किंवा पूल तातडीच्या धोक्यात असेल, तर तेवढ्या भागाला अभियंत्याच्या सल्ल्याने संरक्षण द्यावेच लागते. उरलेल्या काठावर खोल मुळांची स्थानिक झाडे, झुडपे आणि गवत यांचा पट्टा राखावा. मुळे माती धरून ठेवतात, आणि सावलीमुळे पाणी थंड राहून त्यात प्राणवायू अधिक विरघळतो.

उत्तर (स्वच्छ प्रवाह):
पाणी किती येते याबरोबर ते कसे आहे, हेही पाहायला हवे. बरेच दिवस पाऊस नसताना पावसाळी गटारातून प्रवाह येत असेल, विशेषतः त्याला फेस किंवा दुर्गंध असेल, तर सांडपाण्याची नळी चुकीची जोडलेली असण्याची दाट शक्यता असते. दिनांक आणि छायाचित्रासह तक्रार करावी. पावसाच्या पहिल्या सरीबरोबर रस्त्यावरचे तेल, टायरचा भुगा आणि कचरा ओढ्यात उतरतो. त्यामुळे रस्ते आणि गटारांची तोंडे पावसाआधी झाडणे, हे ओढ्यात उतरून कचरा वेचण्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते.

प्रश्नकर्ता:
म्हणजे वरच्या भागातील घरांनीच पाणी अडवून जिरवायला हवे. पण आमची जमीन चिकणमातीची आहे. तिथे शोषखड्डा चालेल का?

उत्तर (माथा ते पायथा):
आधी चाचणी घ्या. सुमारे 30 सेंटिमीटर खोल खड्डा खणून पाण्याने भरा, ते जिरू द्या, मग पुन्हा भरून वेळ मोजा. दुसऱ्या वेळचे पाणी एका दिवसात जिरले, तर इमारतीच्या पायापासून किमान तीन मीटर दूर उथळ, झाडे लावलेला खड्डा करता येतो. जिरले नाही, तर छपराचे पाणी टाकीत साठवून सावकाश सोडावे. तेवढ्यानेही लोंढ्याचा जोर कमी होतो.