बंदोबस्त वेगळा, सोहळा वेगळा

‘पोप हे व्हॅटिकनचे राष्ट्रप्रमुख, त्यामुळे त्यांच्या दौऱ्याचा खर्च यजमान सरकारनेच करायला हवा’ हा मुद्दा मला अर्धाच पटतो. सप्टेंबर २०१० मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे ब्रिटनला गेले ते सरकारी पाहुणे म्हणून. एडिनबरोत राणीची भेट, वेस्टमिन्स्टर हॉलमधलं भाषण, याचे पैसे सरकारने दिले तर हरकत नसावी. पण त्याच दौऱ्यात बर्मिंगहॅमला एकोणिसाव्या शतकातले इंग्रज धर्मगुरू कार्डिनल न्यूमन यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्याचा सोहळा झाला. तो निव्वळ धार्मिक. त्याचा भार मुख्यतः चर्चने उचलायचा होता, भाविकांकडून वर्गणीही घेतली गेली. इथवर ठीक.

खरी गंमत पुढे आहे. सरकारच्या वाट्यातले १८.५ लाख पौंड आले ते परदेशी विकास मदतीच्या खात्यातून! गरीब देशांसाठी राखलेला पैसा पाहुणचाराला कसा, असं संसदीय समितीने २०११ मध्ये विचारलं. माझा आक्षेप खर्चापेक्षा या असल्या हातचलाखीवर जास्त आहे. १९८२ मध्ये जॉन पॉल दुसरे ब्रिटनला आले तो दौरा सरकारी नव्हता, तेव्हा हा प्रश्न इतका चिघळला नाही.

पोलीस बंदोबस्ताचा खर्च मात्र चर्चकडून मागू नये. लाखभर माणसं जमली की ती सांभाळणं सरकारचंच काम, मग ती क्रिकेटला जमोत, मोर्चाला नाहीतर प्रार्थनेला. मंडप, व्यासपीठ, ध्वनिक्षेपक यांचं बिल ज्याचं त्याने भरावं. आपल्याकडच्या महाराजांच्या सत्संगालाही हेच लागू करायला कोण तयार आहे?