मदत हवी आहे: गाडीमागे ओढायच्या ट्रेलरचा विमा वेगळा काढू की गाडीच्या पॉलिसीतच जोडून घेऊ? (नागपूर)

खिंडसीकाठ:
नमस्कार मंडळी. घरात दोन तट पडले आहेत, म्हणून इथे विचारतो.

पुण्यातल्या एका गृहस्थांकडून वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर घेतो आहे. फायबरची बॉडी, दोन बर्थ, मागचं दार वर उचललं की ओटा, छतावर सोलर पॅनल, आत छोटा फ्रिज आणि इन्व्हर्टर. कंपनीने बनवलेला आहे, आरसी आणि स्वतःचा नंबर आहे, वेल्डिंगवाल्याकडचा जुगाड नाही. दोन वर्षं होऊन गेली आहेत, तिसरं चालू आहे. नवीन घेतला तर तोच मॉडेल आज साडेसहा लाखांना पडतो. आधीच्या मालकाची पॉलिसी दिवाळीपर्यंत आहे.

ओढणार माझी स्कॉर्पिओ. तिच्यावर पन्नास टक्के एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) आहे, तो गमवायचा नाही. अधूनमधून माझा साळा त्याच्या बोलेरोला जोडून नेईल. पेंच, नागझिरा, जमलंच तर समृद्धीवरून नाशिकपर्यंत. बाकी वर्षभर घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत उभा. घर अंबाझरी लेआउटला लागून आहे.

आमचे एजंट म्हणतात, "गाडीच्या पॉलिसीत येऊनच जातं साहेब." वडील म्हणतात, वर्षातून दोन-चारदा निघणाऱ्या वस्तूवर दरवर्षी पैसे कशाला घालायचे. बायकोचं म्हणणं, आतल्या सामानाचं काय ते आधी विचारा. ज्यांनी घेतला आहे किंवा विम्यातलं कळतं, त्यांनी सांगा.

कास्तकार_काटोल:
भाऊ, आमच्या इकडं ट्रॅक्टरले वेगळा इन्शुरन्स अन् ट्रॉलीले वेगळा. ट्रॉलीचा नसला अन् तिनं कोणाले उडवलं, त कंपनी हात वर करते, मंग कोर्टाच्या चकरा मारत बसा. तुमचा ट्रेलर म्हंजे ट्रॉलीच हाय, आतमंदी गादी टाकली एवढंच. एजंटले म्हणा, लिहून दे.

पॉलिसीताई:
कास्तकार दादांचं बरोबर आहे. 'येऊनच जातं' हे वाक्य कुठल्याही पॉलिसीत छापलेलं नसतं.

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तुमचा ट्रेलर हे गाडीचं शेपूट नाही, स्वतःच एक वाहन आहे. कलम १४६ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर वाहनाला थर्ड पार्टी विमा (आपल्या वाहनाने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचा) लागतो, तो यालाही लागतो. विम्याविना सापडलात तर कलम १९६ खाली पहिल्यांदा दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दंड परवडेल हो, पण घाटात हिच (गाडी आणि ट्रेलर जोडणारा हुक) निसटून ट्रेलर कुणावर गेला तर भरपाई खिशातून द्यावी लागते. तिथे आकडा लाखांत जातो.

आता तुमचा खरा प्रश्न. खासगी कारच्या पॉलिसीला ट्रेलर जोडण्यासाठी एक एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायची पुरवणी आहे, आयएमटी ३० (इंडिया मोटर टॅरिफमधला तिचा क्रमांक). जादा प्रीमियम भरायचा, पॉलिसीवर ट्रेलरचा नंबर आणि त्याची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली किंमत) चढते. ही नोंद तुमच्या पॉलिसीत दिसते का, एवढंच बघा. दिसत नसेल तर ट्रेलर कव्हर नाही, एजंट काहीही म्हणोत. त्यातल्या दोन अटी लक्षात ठेवा. एक, ट्रेलर म्हणजे नुसता ट्रेलर, आतलं सामान त्यात धरत नाहीत. दोन, ट्रेलरमध्ये कायद्याला धरून नसलेल्या पद्धतीने माणूस बसलेला असेल आणि त्याला काही झालं, तर कंपनी देत नाही. मुलं म्हणतील 'आम्ही मागे झोपून येतो'. अजिबात नाही.

वहिनींना सांगा, त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. भांडी, गाद्या, स्टोव्ह, लॅपटॉप यांना ना गाडीची पॉलिसी विचारते, ना ट्रेलरची. पण बॉडीला पक्का बसवलेला फ्रिज, इन्व्हर्टर, सोलर पॅनल ही वेगळी गोष्ट. मूळ किमतीत धरलेल्या नसलेल्या इलेक्ट्रिकल फिटिंग्जसाठी आयएमटी २४ आहे. किंमत जाहीर करायची, त्यावर चार टक्के जादा. बिलं सांभाळून ठेवा, आधीच्या मालकाकडूनही मागून घ्या.

रोडवर_बाबू:
मी उलटं सांगतो. नुसता थर्ड पार्टी काढा आणि मोकळे व्हा. फायबरची बॉडी आहे ना? फायबरग्लासच्या पार्टवर तीस टक्के घसारा कापतात, टायर, रबर, प्लॅस्टिकवर पन्नास. वर कंपल्सरी एक्सेसही (क्लेममधली आपणच सोसायची ठरलेली रक्कम) जातो. क्लेम करून हातात येतं किती? नवतपातल्या कडक उन्हात फायबरला तडे गेले तर त्याला 'वेअर अँड टेअर' (वापराने झालेली झीज) म्हणतात, ते कुणीच देत नाही. हिंगणा एमआयडीसीत फायबरचं पॅचिंग स्वस्तात होतं.

पॉलिसीताई:
बाबू, पॅचिंगपुरतं तुझं खरं आहे. छोट्या ओरखड्यासाठी क्लेम करूच नये. पण धागाकर्त्याचा पत्ता वाचलास का? अंबाझरी लेआउट.

सीताबर्डीचा:
तेच लिहिणार होतो. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउटमध्ये घुसलं. उभ्या गाड्या बोनेटपर्यंत बुडाल्या, काही तर वाहत जाऊन कंपाउंडला अडकल्या. ट्रेलरला ना इंजिन ना वजन, पाणी आलं की तो तरंगणारच. नुसत्या थर्ड पार्टीत पुराचा एक रुपया मिळत नाही. थर्ड पार्टीसोबत ओन डॅमेज (आपल्याच वाहनाच्या नुकसानीचं कव्हर) असलेल्या पॅकेज पॉलिसीत पूर, गारपीट, वीज, आग, चोरी सगळं येतं. अन् आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चात गारा पडतात त्या सोलर पॅनलला विचारून पडत नाहीत.

तुमच्या बाबतीत जास्त धोका घरीच आहे, भाऊ. रस्त्यावर कितीसा जाणार तो.

खिंडसीकाठ:
सगळ्यांचे आभार. पुराचं डोक्यातच नव्हतं. त्या सकाळी आमच्या गल्लीत पाणी पायऱ्यांपर्यंत आलं होतं, पण तेव्हा ट्रेलरचा विचार कुठे होता!

ताई, दोन शंका. एक, आयएमटी ३० ने स्कॉर्पिओला जोडला आणि ट्रेलरचा क्लेम केला, तर गाडीचा एनसीबी जातो का? दोन, साळा बोलेरोला जोडून नेतो तेव्हा काय?

पॉलिसीताई:
ह्या दोन प्रश्नांतच तुमचं उत्तर आहे.

पॉलिसी एक, तर एनसीबीही एकच. ट्रेलरच्या फुटलेल्या दारासाठी क्लेम केलात की पुढच्या नूतनीकरणाला स्कॉर्पिओचा पन्नास टक्के शून्यावर येतो. पुन्हा वीसपासून सुरुवात: वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पन्नास. मोठ्या गाडीच्या ओन डॅमेज प्रीमियमवर पन्नास टक्के ही चांगली रक्कम असते. मग होतं काय, की ट्रेलरचा क्लेम करायला माणूस कचरतो आणि भरलेला जादा प्रीमियम वाया जातो.

दुसरं, एंडोर्समेंट तुमच्या स्कॉर्पिओच्या पॉलिसीवर असते. बोलेरोच्या पॉलिसीत तो ट्रेलर नाहीच. साळ्याच्या हातून काही झालं तर कंपनीला वाद घालायला मोकळं रान.

म्हणून माझं मत: ट्रेलर एकाच गाडीमागे जाणार असता तर एंडोर्समेंट स्वस्तात पडली असती, तीच घ्या म्हटलं असतं. तुमच्या बाबतीत स्वतंत्र पॅकेज पॉलिसी. ऑनलाइन साइट्सवर असा पर्याय शोधत बसू नका, थेट शाखेत जा. एका शाखेने नाही म्हटलं तर दुसरी बघा. आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर पॉलिसीत बांधून टाकलेला नाही ना, हे सही करण्याआधी वाचा.

आयडीव्हीचं गणित सोपं आहे. दोन ते तीन वर्षांच्या वाहनाला आजच्या किमतीतून तीस टक्के वजा. साडेसहा लाखांतून ४ लाख ५५ हजार. तीन वर्षं ओलांडली की चाळीस टक्के कापतात. कंपनीने यापेक्षा बरंच कमी धरलं तर विचारा का.

वडिलांना सांगा, वर्षभर उभ्या वाहनासाठी आयएमटी ११ ची 'ले-अप'ची सोय आहे. किती काळ उभं ठेवणार ते कंपनीला आधी कळवायचं. त्या काळात आग, चोरी, पूर यांचं कव्हर चालू राहतं, अपघाताचं आणि थर्ड पार्टीचं थांबतं, त्याचा हिशोब पुढच्या प्रीमियममध्ये मिळतो. सगळ्या शाखा याला उत्साहाने हो म्हणतीलच असं नाही, पण विचारायला काय जातं. फक्त त्या मुदतीत ट्रेलर रस्त्यावर काढायचा नाही.

कास्तकार_काटोल:
साळ्याचं नाव काढलं त विषयच संपला ना बाप्पा 😄 वेगळाच घ्या.

खिंडसीकाठ:
😂 घरी हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, जेवण मिळेल की नाही माहीत नाही.

ठरलं मग, स्वतंत्र पॅकेज पॉलिसी, फिटिंग्ज जाहीर करून. एकच राहिलं: जुन्या मालकाची पॉलिसी दिवाळीपर्यंत आहे ना, मग तोवर थांबू का?

पॉलिसीताई:
थांबू नका. कलम १५७ प्रमाणे वाहन विकलं की विमा नव्या मालकाकडे गेला असं धरतात, पण ते थर्ड पार्टीपुरतं. ओन डॅमेज तुमच्या नावावर नोंद होईपर्यंत तुमचं नाही. चौदा दिवसांच्या आत कंपनीला अर्ज द्यायचा असतो. जुनी पॉलिसी पॅकेज असेल तर आत्ता नाव बदलून घ्या आणि दिवाळीला हवी तशी नवी काढा. जुनी नुसती थर्ड पार्टी निघाली, तर पुण्याहून ट्रेलर हलवायच्या आधीच नवी घ्या. सातशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता आहे तो, तोही तुम्हाला ट्रेलर ओढायची सवय नसताना.

सीताबर्डीचा:
आरटीओत नाव बदलायचा अर्ज केला की त्याची पावती कंपनीला जोडा, नाहीतर तेवढ्यावरून अडवतात. अन् इन्स्पेक्शनला माणूस येणार असेल त्या दिवशी आतल्या गाद्या, पेट्या बाहेर काढून ठेवा. फ्रिज, इन्व्हर्टरचे सिरियल नंबर अन् ते बॉडीला कसलेले नटबोल्ट फोटोत आले पाहिजेत. पॅनलचा फोटो शिडीवर चढून तुम्हीच काढा, तो माणूस काही चढत नाही.