आधी कर्जाला लगाम घाला

कराला कायद्याने कमाल मर्यादा घातली की खर्च आपोआप आवळला जाईल, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. आमच्या गोव्यातच बघा. 2012 साली मुख्यमंत्री पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट (राज्याचा विक्रीवरचा कर) 20 टक्क्यांवरून 0.1 टक्क्यावर आणला, लिटरमागे अकराएक रुपये वाचले. (टाकी फुल्ल करायला सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या बांद्याहून गाड्या यायच्या!) त्याच वर्षी खाणी बंद पडून सरकारचं उत्पन्न घटलं, आणि गृहिणींना दरमहा पैसे देणारी गृह आधार योजनाही त्याच वर्षी सुरू झाली. खर्च काही घटला नाही. पुढे व्हॅटच परत वर चढला. कर कमी आणि खर्च तोच, म्हणजे मधली फट कर्जानेच भरायची. कर निदान पंपावर दिसतो, कर्जाचं व्याज दिसत नाही. संविधानाच्या कलम 293 नुसार राज्याच्या कर्जाला कायद्याने मर्यादा घालायचा अधिकार विधानसभेला आहे. तिथे आपल्या आमदाराला धरा की!