'वारंवारता' की 'कंप्रता'? आणि कोणता 'काळ' ताणला जातो?

मृगशीर्ष: विश्वाच्या प्रसरणावरच्या लेखाचं भाषांतर करते आहे. 'frequency'ला शाळेच्या पुस्तकांत 'वारंवारता' आहे, विश्वकोशात 'कंप्रता'. कोणता शब्द घ्यावा? 'गुरुत्वीय लहरी' म्हणावं की 'गुरुत्वीय तरंग'? आणि हे वाक्य तपासून द्या: 'दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश वाटेत थकतो आणि त्याचा काळ वाढतो.'

शब्दवेध: 'वारंवारता' घ्या. 'कंप्रता' आटोपशीर आहे, पण 'कंप' म्हटलं की काहीतरी थरथरतंय असं चित्र उभं राहतं. आवाजात हवेचे कण खरोखरच मागेपुढे होतात. प्रकाशाला मात्र माध्यमच लागत नाही, तिथे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं कमीजास्त होतात. 'वारंवारता' फक्त मोजते, एका सेकंदात किती वेळा. संख्याशास्त्रातही हाच शब्द आहे, पण तरंगांच्या लेखात कुणाचा घोटाळा होणार नाही.

'लहर' मराठीत आधी मनाची. 'लहरी' तर विशेषणच होऊन बसलंय, लहरी माणूस, लहरी पाऊस. म्हणून 'तरंग'च बरा. तो पुल्लिंगी, अनेकवचनही 'तरंग'च. 'तरंगे' लिहू नका. समासातही सहज बसतो: तरंगलांबी, अनुतरंग (प्रसाराच्याच दिशेत दोलन, जसा आवाज), अवतरंग (प्रसाराला आडवं दोलन, जसा प्रकाश).

सप्तर्षी: आता त्या वाक्यातला 'काळ'. तुम्हाला दोन उंचवट्यांमधलं अंतर म्हणायचं असेल तर ती तरंगलांबी. एकाच जागी एक उंचवटा पोचल्यावर पुढचा पोचेपर्यंत जो वेळ जातो तो दोलनकाल. नुसतं 'काळ' लिहिलं तर वाचक प्रकाशाचं वय समजेल.

हायड्रोजनचं उदाहरण लेखात घालता आलं तर घाला. त्याचा रेडिओ तरंग निघताना २१.१ सेंटिमीटरचा, वारंवारता १४२०.४ मेगाहर्ट्झ, दोलनकाल सुमारे ०.७ नॅनोसेकंद. ताम्रसृती (redshift, म्हणजे प्रकाश तांबड्याकडे किती सरकला याचं माप) ८ असेल तर तरंगलांबी आणि दोलनकाल ८ पट नव्हे, ९ पट होतात, कारण गुणक १ अधिक ताम्रसृती असा असतो. इथे भलेभले चुकतात. म्हणजे आपल्याकडे तो १९० सेंटिमीटरचा होऊन पोचतो, वारंवारता १५८ मेगाहर्ट्झच्या आसपास, दोलनकाल ६.३ नॅनोसेकंद. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, त्या या पट्ट्यातही ऐकतात. तरंगलांबी नऊपट आणि वारंवारता एक नवमांश, त्यामुळे गुणाकार, म्हणजे वेग, तोच राहतो.

मृगशीर्ष: मग 'थकतो' चालेल ना? वाचकाला चटकन कळतं.

सप्तर्षी: नाही, तो शब्द काढाच. प्रकाश वाटेत ऊर्जा गमावून तांबडा होतो, अशी कल्पना १९२९मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी मांडली होती. नुसता थकवा असता तर तरंग लांबले असते, पण घटनेचा कालावधी तेवढाच राहिला असता. प्रत्यक्षात तसं होत नाही. एक-ए प्रकारचा अतिनवतारा (supernova, स्फोट होणारा तारा) मावळायला २० दिवस घेत असेल आणि ताम्रसृती ०.५ असेल, तर आपल्याला ते मावळणं ३० दिवस दिसतं. तरंगाचे उंचवटे जितके दूर सरले, तितकेच दिवसही. एकाच पटीने. दोलनकाल आणि घटनेचा कालावधी दोन्ही एकत्र ताणले जातात, म्हणून इथे 'काळ ताणला जातो' हे अक्षरशः बरोबर आहे.

शब्दवेध: सेकंदसुद्धा तरंगावरच ठरलाय. १९६७पासून सिझियम-१३३ अणूच्या ठरावीक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं म्हणजे एक सेकंद. म्हणून 'वेळ' आणि 'दोलनकाल' लेखात एकमेकांच्या जागी येऊ देऊ नका. एक मोजायचा, दुसरा मोजण्याचं माप.

मृगशीर्ष: असं केलं: 'प्रकाश वाटेत असताना अवकाश प्रसरण पावतं. त्यामुळे त्याची तरंगलांबी आणि दोलनकाल एकाच पटीने वाढतात आणि वारंवारता तितक्याच पटीने घटते.'

सप्तर्षी: चोख. 'एकाच पटीने' मात्र छापताना गाळू देऊ नका.